टॉकीज पाडायची परवानगी देताना : पुणे महापालिकेच्या आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका, शिवाजीनगर, पुणे.

विषय : शहरातील जुन्या चित्रपटगृहांच्या जागा व त्यांच्या नोंदी.

महोदय,

मंडईत गाडी लावायची वेळ आली की पुणेकराच्या तोंडी दोनच नावं येतात, आर्यन आणि मिनर्व्हा. आपल्या दफ्तरी या वाहनतळांची नावं वेगळी आहेत. पण रविवारी सकाळी तिथल्या कुठल्याही भाजीवाल्याला विचारा, "आर्यन फुल झालं असेल, मिनर्व्हाला बघा," असंच उत्तर मिळेल. आर्यन हे पुण्यातलं पहिलं कायमचं चित्रपटगृह. गंगाधरपंत पाठकांनी ते १९१५ मध्ये सुरू केलं. मुंबईत दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. १९८३ मध्ये ते पाडलं गेलं आणि जागा गाड्यांना मिळाली. मिनर्व्हाही त्याच वाटेने गेलं. फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय या दोन्ही गोष्टी अभिमानाने मिरवणाऱ्या शहराने आपलं पहिलं टॉकीज पार्किंगला दिलं. मला याचा रागही धड येत नाही, कारण मंडईत पार्किंग हवंच, हे मलाही कळतं.

टॉकीज बंद पडतात त्यात महापालिकेचा काही दोष नाही, हेही सुरुवातीलाच सांगून टाकते. टीव्ही आला, व्हिडिओ आला, केबल आली, मल्टिप्लेक्स आलं आणि शेवटी प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला. एवढं सगळं अंगावर आल्यावर हजार खुर्च्यांचा हॉल दिवसातून चार वेळा कोण भरणार? पण धंदा बसणं वेगळं आणि त्या जागेचा मागमूस न उरणं वेगळं. धंदा मालकाचा असतो. इमारत पाडायची, नवी बांधायची, तिचा वापर बदलायचा म्हटलं की कागद आपल्या बांधकाम विभागाच्या टेबलावरून जातो. म्हणून हे पत्र मालकांना न लिहिता आपल्याला लिहिते आहे.

माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, पेठेतल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते, म्हणजे केबिनमधून पडद्यावर सिनेमा दाखवणारी मशीन चालवायचे. टॉकीजचं नाव घेत नाही. मालकांच्या पुढच्या पिढीला उगाच ताप नको. नानांचा डबा घेऊन मी जायची ती मागच्या लोखंडी जिन्याने थेट केबिनमध्ये. केबिनला वेगळा जिना का, आणि तिच्या भिंती एवढ्या जाड का, हे मला फार उशिरा समजलं. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत फिल्म नायट्रेटची असायची आणि ती पेट घ्यायची तर पाण्यालाही दाद देत नसे. म्हणून केबिन प्रेक्षागृहापासून तोडलेली, आणि ज्या चौकोनी भोकांतून प्रकाश पडद्यावर जातो त्यांवर लोखंडी झडपा. आत आग लागली तर झडपा खाली पडायच्या आणि बाहेरच्या माणसांना धूर लागायच्या आत केबिन बंद व्हायची. आत कोण अडकलंय याचा विचार त्या झडपा करत नसत. नाना हे सांगायचे तेव्हा हसायचे, आईला मात्र हसू यायचं नाही.

मशीन दोन. एका मशीनवरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकून जातो. तो बघून दुसरं मशीन सुरू करायचं, दुसरा ठिपका दिसला की चेंजओव्हर, म्हणजे पहिल्या मशीनवरून दुसऱ्यावर जायचं. साधारण वीस मिनिटांनी हे एकदा, दिवसाचे चार खेळ, आणि प्रेक्षकाला त्यातलं काही कळता कामा नये. कळलं की पिटातून, म्हणजे पडद्याजवळच्या सगळ्यात स्वस्त खुर्च्यांतून, शिट्ट्या आणि नानांच्या नावाने उद्धार. मशीनच्या पोटात प्रकाशासाठी कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर जळायच्या, त्यांच्यातलं अंतर हाताने सांभाळावं लागायचं. जरा दुर्लक्ष झालं की पडद्यावरची नायिका पिवळी पडायची. जळून उरलेली थोटकं आम्ही मुलं गोळा करायचो, त्यांवर तांब्याचा मुलामा असायचा. कधीकधी एकच प्रिंट दोन टॉकीजमध्ये चालायची. तेव्हा रिळांचा डबा सायकलच्या कॅरिअरला बांधून एक पोऱ्या पेठांमधून सुसाट सुटायचा आणि तो येईपर्यंत नानांचा जीव खालीवर. पुढे कांड्यांच्या जागी झेनॉनचे दिवे आले, मग सॅटेलाइटवरून सिनेमा यायला लागला, आणि मशीन भंगारवाल्याने वजनावर नेली. तोवर नाना निवृत्त झाले होते, ते एक बरं झालं.

हे सगळं सांगायचं कारण असं, की ती केबिन, तो जिना, त्या झडपा हे इमारतीचे भाग होते. इमारत पाडली की ते ज्ञानही गेलं. आपल्याकडे वाड्यांचे नकाशे सापडतात, देवळांचे सापडतात, पुलांचेही. पेठेतल्या टॉकीजचा मोजमापासह काढलेला नकाशा मला कुणी दाखवावा.

मला माहीत आहे, आता हेरिटेजच्या यादीचा मुद्दा निघेल. त्या यादीत आमची टॉकीज बसत नाहीत, आणि खरं सांगायचं तर ती देखणीही नव्हती. मुंबईची गोष्ट वेगळी. तिथलं १९३८ चं इरॉस ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारतींबरोबर २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ पासून बंद पडलं होतं, ते २०१६ मध्ये पुन्हा उघडलं. त्या इमारती रस्त्यावरून जाताना थांबून बघाव्यात अशा आहेत. आमची पेठेतली टॉकीज म्हणजे समोर एक कमान, तिच्यावर रंगवलेला बोर्ड, खाली पानाची टपरी, आणि आत पत्र्याच्या छताखाली लांबलचक हॉल. पावसाळ्यात छप्पर वाजायला लागलं की खलनायकाचे संवाद ओठांवरून ओळखायचे. अशा इमारतीला कोण दर्जा देणार? पण दर्शनी भाग बघून दर्जा ठरवायचा ही पद्धतच इथं अपुरी पडते. टॉकीजची किंमत ती बाहेरून कशी दिसते यात नव्हती, आत कोण बसायचं यात होती.

आत कोण बसायचं ते सांगते. मंडईतला हमाल बसायचा, बुधवारातल्या दुकानातला नोकर बसायचा, स. प.चा लेक्चर बुडवलेला विद्यार्थी बसायचा. आणि दुपारी तीनच्या खेळाला आमच्या वाड्यातल्या बायका बसायच्या. टॉकीजला बायकांची वेगळी खिडकी असायची, तिथं रांग लहान म्हणून पुरुष मंडळी येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला "वहिनी, दोन तिकिटं काढून देता का" अशी गळ घालायची. माझी आई कडक, तिने कधी कुणाला काढून दिलं नाही. बायका पोरंबाळं, शेंगदाणे, चिवड्याची पुडी घेऊन येत. वाड्यात दुपारी डोळा लागतो न लागतो तोच कुणाला चहा हवा असायचा, कुणाला गिरणीतून दळण. टॉकीजच्या अंधारात त्यांना तीन तास कुणी हाक मारत नसे. सिनेमा चांगला की वाईट याला फारसं महत्त्व नव्हतं. १९९१ मध्ये 'माहेरची साडी' प्रभातला लागला तेव्हा या बायकांनी अप्पा बळवंत चौक भरून टाकला, आणि वर्तमानपत्रांतल्या समीक्षकांनी नाकं मुरडली म्हणून त्यातली एकही घरी बसली नाही.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. पेठेतल्या टॉकीजबरोबर शहराच्या मध्यावर, चालत जाण्याच्या अंतरावर असलेली स्वस्त खुर्ची गेली. ती इमारत खाजगी होती, पण खुर्चीचा उपयोग सार्वजनिक होता. बागेतल्या बाकासारखा, फक्त छपराखाली आणि पंख्याखाली. महापालिका बाग काढून टाकताना निदान सुनावणी तरी घेते. टॉकीजच्या बाबतीत तेवढंही होत नाही.

डेक्कनवरचं नटराज गेलं, तिथं मॉल उभा राहिला. आपल्या मुख्य इमारतीपासून हाकेच्या अंतरावरचं जुनं मंगला पाडून तिथं मल्टिप्लेक्स झालं. निदान सिनेमा तरी शिल्लक राहिला. भानुविलास गेलं. प्रभातचं मात्र बरं झालं म्हणायचं. इंदूरच्या किब्यांनी ते १९३४ मध्ये बांधलं, ते चालवलं प्रभात फिल्म कंपनीवाल्यांनी, म्हणून नाव प्रभात पडलं. २०१४ च्या अखेरीला जागा मूळ मालकांकडे परत गेली तेव्हा अर्ध्या पुण्याने शेवटच्या दिवसांत जाऊन फोटो काढून घेतले. पुढे ते किबे लक्ष्मी या नावाने पुन्हा सुरू झालं. म्हणजे मनात आणलं तर होतं. पण ते मालकाच्या मनात आलं म्हणून झालं, शहराच्या नियमामुळे नाही.

नियमाबद्दल बोलायचं तर राज्य सरकारची एक अट आहे: टॉकीज पाडून दुसरं काही बांधायचं असेल तर नव्या इमारतीत ठरावीक आसनांचं थिएटर ठेवायचं. हेतू चांगला. झालं असं की मालकाला थिएटर चालवायचं नाही, अटीमुळे दुसरं काही करता येत नाही, म्हणून तो सरळ कुलूप लावतो आणि अट जायची वाट बघतो. मालकांची संघटना ती काढून टाका म्हणून किती वर्षं मंत्रालयाचे उंबरे झिजवते आहे. मधल्या काळात छप्पर बसतं, खुर्च्यांना वाळवी लागते, कंपाउंडमध्ये कचरा साठतो आणि मग इमारत धोकादायक म्हणून तुम्हालाच नोटीस काढावी लागते. नोटीस निघाली की पाडापाडीचा रस्ता मोकळा. हे कुणाला दिसत नाही असं समजू नका.

मालकांना मी दोष देत नाही. २००१ मध्ये राज्याने मल्टिप्लेक्सना पहिली तीन वर्षं करमणूक कर पूर्ण माफ केला आणि पुढची दोन वर्षं फक्त चतुर्थांश घेतला. त्याच शहरात, तोच सिनेमा लावणारा टॉकीजवाला पूर्ण कर भरत होता. एकाला पाठीवर थाप आणि दुसऱ्याच्या पाठीवर ओझं दिल्यावर शर्यत कोण जिंकणार? आता जीएसटीचं गणित बघा. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्के, त्यावरच्या तिकिटाला अठरा. सवलत चांगलीच आहे, पण ती ज्यांच्यासाठी आहे ती टॉकीज एकेक करून मिटली, आणि मल्टिप्लेक्सच्या खिडकीत शंभराच्या आतली नोट कुणी पुढे केली तर तिच्यात पॉपकॉर्नही येत नाही.

अट काढू नका, असं माझं म्हणणं आहे. उलट ती नीट पाळून घ्या. नव्या इमारतीत दोनशे खुर्च्यांचा हॉल नकाशावर दाखवायचा आणि पूर्णत्वाचा दाखला मिळाला की तिथं गोडाऊन करायचं, हे चालता कामा नये. त्या हॉलमध्ये सिनेमाच चालला पाहिजे असाही माझा हट्ट नाही. सकाळी एखाद्या संस्थेचं व्याख्यान असेल, दुपारी जुना मराठी चित्रपट, संध्याकाळी नवा, रात्री कुणाचा गाण्याचा कार्यक्रम. पेठांमध्ये अशा लहान हॉलची किती वानवा आहे ते कुठल्याही हौशी नाट्यसंस्थेला विचारा. आणि जो मालक रोज एक तरी खेळ शंभर रुपयांच्या आत चालवेल, त्याच्या हॉलपुरता मिळकतकर कमी करा. राज्य सरकारच्या हातातलं मी तुमच्याकडे मागत नाही. मिळकतकर तुमच्या अखत्यारीतला आहे.

आणखी एक गोष्ट पूर्णपणे आपल्याच हातात आहे. महापालिकेची स्वतःची नाट्यगृहं आहेत. बालगंधर्व १९६८ पासून आहे, कोथरूडला यशवंतराव चव्हाण आहे, पद्मावतीला अण्णाभाऊ साठे आहे. नाटकांच्या तारखांना हात न लावता, आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी तिथं पडदा टाकून मराठी चित्रपट दाखवायला काय हरकत आहे? छोट्या मराठी चित्रपटांना खेळ मिळत नाहीत म्हणून दरवर्षी ओरड होते, मग आंदोलनं होतात, काचा फुटतात, २०१५ मध्ये तर सरकारने प्राइम टाइमचा आदेश काढला. एवढं करून मिळालेला खेळ बहुतेक वेळा गैरसोयीच्या वेळेचा आणि अडीचशे रुपयांचा. दुपारी तीनला, पन्नास रुपयांत, बसने जाता येईल अशा ठिकाणी चित्रपट लागला तर कोण येतं ते एकदा बघा तरी. तेवढं करताना एसी आणि स्वच्छतागृहं दुरुस्त झाली तर नाटकवालेही दुवा देतील.

आता नोंदींबद्दल. बंद टॉकीज पाडायचा अर्ज आला की परवानगी देण्याआधी एक काम सक्तीचं करा: आपल्या हेरिटेज सेलचा माणूस, एक सर्वेअर आणि एक फोटोग्राफर आत जाऊ द्या. दोन दिवसांचं काम आहे. प्रेक्षागृहाचं मोजमाप घ्या, केबिनचं घ्या, तिकीट खिडक्यांचे फोटो काढा, दर लिहिलेल्या पाट्या काढून ठेवा. तळघरात किंवा मॅनेजरच्या कपाटात डीसीआरच्या वह्या असतील, म्हणजे रोज कुठल्या वर्गाची किती तिकिटं गेली त्याचा हिशेब. पुण्याने कुठला सिनेमा किती बघितला हे त्या वह्यांइतकं खरं कुठंही लिहिलेलं नाही. नटनट्यांच्या आठवणींवर आपल्याकडे पुस्तकांचे ढीग आहेत, प्रेक्षकावर काय आहे? त्या वह्या रद्दीत किलोने जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

ठेवायच्या कुठे, असा प्रश्न पुण्यात तरी पडू नये. लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे. फिल्म सांभाळणं हे त्यांचं मुख्य काम, पण बोलणी तर करा. त्यांच्याकडे जागा नसेल तर आपल्या एखाद्या बंद पडलेल्या शाळेचे दोन वर्ग पुरतील. बाजीराव रस्त्यावर दिनकर केळकरांनी एकट्याच्या जिद्दीने अडकित्ते, दिवे, दरवाजे जमवले तेव्हा लोकांनी त्यांनाही वेड्यात काढलं असेल. आज शाळांच्या सहली तिथं रांगेने जातात. सुपारी कातरायचं हत्यार काचेत ठेवण्याजोगं असेल, तर तिकिटावर भोक पाडायचा चिमटा आणि डोअरकीपरची बॅटरीही आहे.

आर्यन आणि मिनर्व्हाच्या जागा तर आपल्याच ताब्यात आहेत. महापालिका थोर माणसांच्या घरांवर नील फलक लावते, तसाच एक या दोन्ही वाहनतळांवर लावा. गाडी लावून जिना उतरणाऱ्याला वाचता येईल अशा उंचीवर, आणि उद्घाटनाला आलेल्यांची नावं मूळ मजकुरापेक्षा लहान अक्षरांत. वाहनतळाला दिलेलं हुतात्म्याचं किंवा लोकप्रतिनिधीचं नाव काढा असं मी म्हणत नाही, त्याच्या शेजारी भरपूर जागा आहे.

गणपतीच्या विसर्जनाची मिरवणूक टिळक चौकात संपते. बंदोबस्ताच्या पत्रकातसुद्धा कंसात "अलका टॉकीज चौक" लिहावं लागतं, नाहीतर बाहेरगावचा पोलीस सोडाच, पुण्याचा रिक्षावालाही पोचणार नाही. एवढी जी नावं लोकांनी आपल्या मनाने रस्त्यांना आणि चौकांना दिली, त्यांची एक यादी तरी हेरिटेज सेलने करावी. वसंत, श्रीनाथ, श्रीकृष्ण, रतन, अपोलो, अलंकार, नीलायम, लक्ष्मीनारायण. काही चालू, काही मिटलेली, काहींच्या जागी दुसरंच काही. सुरू झाल्याचं वर्ष, बंद झालं असेल तर तेही, खुर्च्या किती होत्या, आज तिथं काय आहे. निविदा काढायची गरज नाही, वास्तुशास्त्राच्या महाविद्यालयांतली मुलं एका सत्रात हे करून देतील आणि वर तुमचे आभार मानतील.

माझ्याकडे नानांचा ऑपरेटरचा परवाना आहे, फिल्म जोडायचा त्यांचा स्प्लायसर आहे, तांब्याचा मुलामा असलेल्या काही कांड्या आहेत आणि शंभरेक तिकिटांची अर्धुकं आहेत, वर्गवार रबरबँड लावून ठेवलेली. मुलाला यात रस नाही, आणि त्याच्या घरात जागाही नाही. हे सगळं पोच घेऊन द्यायचं आहे. महापालिकेत कुठल्या खात्याकडे द्यायचं, त्या खात्याचं नाव आणि यायची वेळ कळवावी. दुपारी एक ते चार सोडून कधीही येईन.

आपली,
शुक्रवार पेठेतली एक मिळकतकरदार

प्रत माहितीसाठी :
हेरिटेज सेल, पुणे महानगरपालिका